फौजेत थँक्यू घ्यायला शिकवत नाहीत

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही हो. आमच्या मेश्रामच्या दुकानामागे जुने टायर कसे साचले, ते त्यालाही सांगता येणार नाही. एक कोणीतरी ठेवून गेला, त्यावर दुसरा पडला, आणि आता मागचं दार उघडत नाही! किस्स्यांचंही तसंच झालंय. आज थोडे बाहेर काढतो.

दुकान कोहमाऱ्याच्या चौफुलीवर, हायवेला लागून. मेश्राम तोफखान्यातून हवालदार होऊन घरी आला आणि त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं. 'माजी सैनिक टायर वर्क्स' असा मोठा बोर्ड रंगवला, बाजूला तिरंगा. मी कापगते, सिग्नलवाला. बावीस वर्षं तारा जोडल्या. आता शेती मुलगा पाहतो आणि मी मेश्रामच्या दुकानात टायरवर बसतो. तिसरा बिसेन. हा आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा. फौजेत काय होतास विचारलं, की "सप्लायमधी होतो," एवढंच. पुढं कुलूप!

बोर्ड पाहून हायवेवरचे लोक थांबतात आणि आम्हाला थँक्यू म्हणतात. पूर्वी नव्हते म्हणत. मोबाइलवर तसले व्हिडिओ फिरायला लागले, तेव्हापासून ही साथ आली. आता खरं सांगू? फौजेनं आम्हाला सगळं शिकवलं. बूट चमकवायला, उभ्यानं झोपायला, न चावता गिळायला. पण अनोळखी माणूस समोर येऊन थँक्यू म्हणाला तर तोंड कसं करायचं, हे कोणत्याच उस्तादानं शिकवलं नाही.

\*

ही साथ नवी नवी होती, तेव्हाची गोष्ट. नागपूरची एक गाडी, रायपूरला चाललेली. मालक हाफपँट आणि पांढऱ्या बुटात. मेश्रामनं चाक बसवून दिलं, तसा हा गडी बोर्डाकडे बघून एकदम ताठ झाला आणि त्यानं सॅल्यूट ठोकला. डाव्या हातानं! उजव्यात मोबाइल होता ना.

"सर, तुमच्यामुळे आम्ही सुखात आहोत," तो म्हणाला. आवाज भरून आला होता त्याचा.

मला वाटलं, आता मेश्रामच्याही डोळ्यांत पाणी येणार. कसलं काय! मेश्रामनं चार वर्षं रंगरूट घडवलेले. त्याचं लक्ष त्या हातावर.

"हात कोणता हाये तो?"

"अं?"

"उजवा! मोबाइल खाली! बोटं जुळवा! कोपर वर! अन् पोट... पोट अंदर!"

भर उन्हात, हायवेच्या काठावर, तीन वेळा करून घेतलं त्याच्याकडून. बायको गाडीत बसून हसत हसत शूटिंग करून राहिली होती. चौथ्या खेपेला मेश्रामनं उलट असा कडक सॅल्यूट मारला, की शेजारी हवा भरायला थांबलेला ट्रकवाला पण सरळ उभा राहिला.

"सर, आता बरोबर?" त्या बिचाऱ्यानं विचारलं.

"आता बरोबर. पुढच्या ढाब्यावर नट एकदा पाहून घेजा."

\*

आमच्याकडे थँक्यूच्या मागून बहुतेक वेळा दुसरं वाक्य येतं. आता आम्ही पहिल्या वाक्याला हलतच नाही. कोणाला पोरगा भरतीत लावायचा असतो, कोणाला शेताच्या धुऱ्याच्या भांडणात सख्ख्या भावाला दम द्यायला फौजी पाहिजे असतो. पण सगळ्यात जास्त मागणी बाटलीची.

गोंदियाचे एक शेठ आले. हात जोडून म्हणाले, "फौजी भाई, आप लोग बॉर्डर पे जागते हो, तब हम यहाँ चैन से सोते हैं."

मी मेश्रामला कोपरानं ढोसलं. थांब, अजून हाये.

"वैसे... कँटीन का कोटा आप पूरा लेते हो क्या?"

मेश्राम थेंबाला शिवत नाही. पण चेहरा असा गंभीर केला त्यानं! "भेटून जाईल ना शेठ. अगले महिने आ जाओ. पूरा कोटा रखता हूँ."

शेठ पुढच्या महिन्यात बरोबर हजर. गाडीची डिकी उघडी ठेवूनच उतरले. मेश्रामनं आतून जड खोकं आणलं, वर कागद झाकलेला. शेठनं इकडे तिकडे पाहत कागद बाजूला केला. आत अंघोळीचे साबण!

आम्हाला वाटलं, शिव्या घालून जाईल. पण माणूस मोठा गमतीचा निघाला. पोट धरून हसला आणि खोकं घेऊनच गेला. आता तो वाटेनं जाताना हमखास थांबतो, आमच्यासोबत टायरवर बसून चहा पितो आणि काही मागत नाही. साबण तेवढा मागतो. सासूला आवडला म्हणे!

\*

हा माझा स्वतःचा. गोंदिया स्टेशनवर तिकिटाच्या लायनीत होतो. डोक्यावर पलटणीची टोपी. कॉलेजच्या पोरींचा घोळका आला, त्यातली एक थेट माझ्यासमोर. "अंकल, थँक यू. देश के लिए."

मी काय बोललो माहीत आहे? "नाही नाही, असू दे, असू दे!" जशी काही ती मला बसायला जागा देत होती.

माझ्या मागं एक गडी होता, मिलिटरी छापाची पँट घातलेला. पोरगी त्यालाही थँक्यू म्हणाली. आणि हा बहाद्दर! छाती काढून, हात वर करून, "हां बेटी, खुश रहो! खूब पढ़ो, आगे बढ़ो!" वरून पोरीच्या मैत्रिणींनाही आशीर्वाद दिले.

पोरी गेल्यावर मी वळलो. रक्त नुसतं उकळत होतं. "कोणती युनिट?"

"कायची युनिट जी? मी मुर्रीचा. सेंट्रिंगचं काम करतो. पँट बजारातली हाये."

"मंग थँक्यू काऊन घेतलं बे?"

तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "भाऊ, वीस वर्षं झाली लोकाईच्या घराचे स्लॅब टाकून राहिलो. घरभरणीच्या जेवणाले बी कोणी बलावत नाही. आज पहिल्यांदा कोणी थँक्यू म्हणलं. एवढी चांगली पोरगी, तिले मी नाही म्हणू?"

माझ्या घरावर स्लॅब आहे. तो कोणी टाकला, त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही. वाईट वाटलं मला. मी टोपी काढली आणि म्हणालो, "भाऊ, थँक्यू."

त्यावर तो मागं सरकला, लाजला आणि म्हणाला, "नाही नाही, असू द्या, असू द्या!"

\*

मधे एक छोटा. एका लग्नात नवरदेवाचा मित्र माझ्या बायकोच्या पाया पडला. म्हणाला, "काकू, काकांचं तर आहेच, पण तुमचा त्याग त्याहून मोठा."

बायको म्हणाली, "हो ना बाप्पा! हे बॉर्डरवर होते तोपर्यंत तरी काही वाटलं नाही. रिटायर होऊन घरी आले ना, तेव्हापासून त्याग सुरू झाला!"

मी टायरवर का बसतो, ते आता तुम्हाला कळलं असेल.

\*

आता बिसेनचं सांगतो.

एकदा छत्तीसगडचे एक म्हातारे गुरुजी थांबले. यांना रीतसर थँक्यू म्हणायचं होतं. प्रत्येकाला आधी विचारणार, मग हात हातात घेणार. मेश्राम म्हणाला तोफ, त्याचा हात घेतला. मी म्हणालो सिग्नल, माझा घेतला.

"और आप?"

बिसेन उठला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. गुरुजी वाट पाहून निघून गेले.

मी शोधत गेलो तर मागच्या बोअरिंगवर उभा. पाणी काही पीत नव्हता.

"काऊन पळालास बे?"

"कापगते, मी खच्चर हाकलत होतो. सतरा वर्षं. राशन, रॉकेल, पाणी खच्चरावर लादाचं, वरच्या चौकीवर न्याचं अन् खाली याचं. गोळी झाडली ते ट्रेनिंगमधी. हे त्या गुरुजीले सांगू? दिलेलं थँक्यू वापस घेऊन गेला असता तो!"

"कोणी वापस घेत असते काय?"

"घेते. माह्या गावात समद्याईले वाटते मी लढलो. सोयरे तसंच समजतात. मी खोटं बोललो नाही, पण खरं बी सांगितलं नाही. आता कोणी हात जोडले का मले चोरी केल्यावानी वाटते. तू कोणाले सांगजो नको."

मी कोणालाच सांगितलं नाही. मेश्रामला तेवढं सांगितलं, तेही संध्याकाळी. मेश्राम ताडकन उठला. "येडा हाये का तो? वरच्या चौकीवर आमच्या गोळ्याचे खोके कोण आणून देत होतं? देव?"

हे त्यानं बिसेनलाही ऐकवलं, दहादा ऐकवलं. बिसेन नुसती मान हलवायचा. तोफवाल्यानं म्हटलं म्हणून गाव थोडंच मानणार आहे, असं त्याचं म्हणणं.

\*

आणि आता यंदाच्या सव्वीस जानेवारीचं.

बिसेनच्या गावच्या शाळेत दरवर्षी माजी सैनिकांचा सत्कार असतो. दरवर्षी बिसेनचं त्या दिवशी पोट दुखतं. यंदा सरपंचानं आदल्या दिवशीच भोंग्यावरून नाव पुकारलं आणि आम्हा दोघांनाही बोलावलं. गडी सापडला! वाटेत माझ्या गाडीवर मागं बसून एकच वाक्य बोलला, "आज समद्या गावासमोर उघडा पडतो मी."

शाल, नारळ झालं. मग सरपंच म्हणाले, मुलांनी प्रश्न विचारा. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. बिसेनकडेच बोट.

"आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?"

बिसेननं माइक धरला. माइकनं मोठी शिट्टी मारली. सगळं गाव बसलेलं, त्याची सून पुढच्याच रांगेत. मला वाटलं, सप्लाय म्हणून सुटेल.

"एकबी नाही," बिसेन म्हणाला. "मी लढलो नाही. मी खच्चर हाकलत होतो."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. सरपंच मांडवाच्या छताकडे बघायला लागले. बिसेन खाली बसायला वळला, तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "तुमच्या खच्चराचं नाव काय होतं?"

बिसेन थांबला. "खुरावर नंबर राहते बाई. पण मी राणी म्हणत होतो."

आणि मग तो बोलायला लागला! हा माणूस, ज्याच्या तोंडून बोअरिंगवरचा तो दिवस सोडला तर वर्षानुवर्षं आम्ही दोन वाक्यं सलग ऐकली नव्हती, तो अर्धा तास उभा. शेवटची अकरा वर्षं राणी त्याच्याजवळ होती. एकदा धुक्यात ती अडून बसली. यानं ओढलं, शिव्या दिल्या, हलेना. जरा वेळानं समोरची वाट बर्फासकट खाली गेली. मागं सहा खच्चरं आणि सहा माणसं होती. चौकीवर पोचलं की जवान पहिले राणीला गूळ चारायचे, मग याला चहा विचारायचे.

"मी पेन्शनवर आलो, ती तिथंच राहिली," तो म्हणाला. "निघताना मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तं घरी आलोच नसतो. तुमी समदे मले थँक्यू म्हणता. मी नुसता दोरी धरून होतो. अकरा वर्षांत तिले एकदाबी म्हणलं नाही, का बाई, बरं केलंस."

नारळ छातीशी धरून बसला, मान खाली. सून पदरानं डोळे पुसत होती. मेश्राम उगाच टोपी सरळ करत राहिला.

शेवटी आभारप्रदर्शन, रामटेके मॅडमचं. मॅडमच्या आभारातून आजवर कोणी सुटलं नाही. कागदावर यादी असते. एकेक नाव घेतात आणि तो माणूस उभा राहून हात जोडत नाही तोवर पुढचं नाव घेत नाहीत. मांडववाला उठला, हात जोडले. माइकवाला उठला. लाइट न घालवल्याबद्दल वायरमन उठला. खिचडीवाल्या दोघी उठल्या. मॅडमचा आवाज एकसुरी, हजेरी घ्यावी तसा. यादी संपली. मॅडमनी कागद आडवा केला. तिथं कडेला पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं.

"तसेच," मॅडम म्हणाल्या, "अकरा वर्षे बर्फातून चौकीवर रसद पोहोचवणाऱ्या राणी. काही कारणास्तव त्या आज आपल्यामध्ये उपस्थित राहू शकल्या नाहीत. शाळेच्या आणि गावाच्या वतीने मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानते."

कोणी हसलं नाही. मॅडम कागद खाली करून थांबल्या.

बिसेननं नारळ खुर्चीवर ठेवला आणि उठला. टाचा जुळल्या. शाल खांद्यावरून खाली पडली, त्यानं उचलली नाही. त्यानं सॅल्यूट केला, एवढा स्वच्छ की मेश्रामलाही काही सांगायला जागा नव्हती.

"पोचवून देतो, मॅडम," तो म्हणाला.