फडताळातला फोनो

हसणार नाही, असं आधी कबूल करा. मग सांगतो. बरं, ते काही तुमच्याच्यानं व्हायचं नाही. तेव्हा हसा खुशाल, पण आमच्या हिच्यासमोर हा विषय काढू नका, एवढं पाळा!

मी तेव्हा लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून होतो. भांगरवाडीत एकाच घराची दोन बिऱ्हाडं केलेली होती. अलीकडे आम्ही नवरा-बायको, पलीकडे एक शाळामास्तर आणि त्यांची बायको. माणसं गरीब स्वभावाची. माझा स्वभाव मात्र तसा नव्हता, हे तुमच्या लक्षात येईलच.

हिच्या पाटल्या पुढच्या दिवाळीवर ढकलून मी फोनो आणला. चांगला पितळी कर्ण्याचा! खिडकीत मांडला, कर्णा रस्त्याकडे केला आणि चावी दिली. येणारे-जाणारे थबकून बघायला लागले. काय सांगू, पहिल्या दिवशी सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सहज बाहेर डोकावलो. तर मास्तर अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसलेले. डोळे मिटून! फुकटात! पाटल्या गेल्या आमच्या, आणि माना डोलवणार हे? तुम्हीच सांगा, कुणाला सहन होईल? मला तर रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात वलवणला एका शेठजींच्या बंगल्यावर पार्सलाची सही घ्यायला गेलो होतो. दिवाणखान्यात गाणं चाललेलं, आणि कर्णा म्हणून कुठे दिसेना. शेवटी कळलं, कोपऱ्यात जे शिसवी कपाट होतं, त्याच्या पोटातच फोनो होता. मला एकदम वाट सापडली. घरी येऊन हिला म्हटलं, "खानदानी माणसं वस्तू मिरवत नाहीत. कपाटात ठेवतात."

आमच्या बैठकीच्या भिंतीत एक मोठं फडताळ होतं. चांगलं दाराएवढं. त्यातले डबे आणि लोणच्याची बरणी बाहेर काढून मी फोनो आत सारला. पण कर्णा पुढे येई, दार लागेना. मग कर्णाच उलटा फिरवला, त्याचं तोंड आतल्या बाजूला केलं आणि दार दाबून लावलं.

गाणं सुरू झालं. बाई गोधडीत शिरून गात असाव्यात, असं वाटत होतं.

"अहो, काही ऐकू येत नाही!" ही म्हणाली. "दार जरा उघडं ठेवा ना."

"आणि मास्तरांनी ऐकावं?"

तोंडातून गेलं ते गेलं. ही माझ्याकडे बघतच राहिली. मी आवाज चढवला, "आणि मी नसताना कुणी हात लावायचा नाही! नाजूक वस्तू आहे."

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी कामावरून परत येतोय, तर मास्तरांच्या घरातून गाणं! आणि कसं गाणं म्हणता? शब्दन् शब्द मोकळा, तान अशी स्वच्छ की मी बोळाच्या तोंडाशीच उभा राहिलो. मास्तरांनी फोनो घेतला! शाळामास्तरांनी! आणि तबकडी कुठली, तर जी माझ्याकडे होती तीच. म्हणजे नक्कल, आणि नक्कल अस्सलापेक्षा सरस!

बोळातूनच खिडकीतून आत पाहिलं. आतल्या चटईवर चार शेजारी बसलेले, हातात चहाचे कप, आणि त्यांच्यात आमची ही! माझी बायको, त्यांच्या घरी, त्यांचं गाणं ऐकतेय. तबकडी संपली की उठायची, लगबगीनं आमच्या घरी जायची आणि परत येऊन बसायची. मी म्हटलं, मनाची टोचणी आहे बिचारीला, एका जागी बसवत नाही.

शेवटी मी दारात गेलो. मला पाहिलं मात्र, सगळे गप्प! ही घराकडे पळाली. गाणंसुद्धा मध्येच थांबलं. बघा हं, माझ्या कानांवर पडू नये म्हणून गाणं बंद! याला काय म्हणायचं? आता माझंच वागणं मला तेव्हा आठवायला हवं होतं, पण जळणाऱ्या माणसाला आठवण कुठली?

"आवाज सुरेख आहे हो तुमच्याकडे," मी दात-ओठ खात म्हणालो.

मास्तर लाल झाले. "छे छे, आमचं कसलं त्यात काही!"

वरून हा विनय! घरी आल्यावर मी हिच्याशी अबोला धरला. तीही का कोण जाणे, माझी नजर चुकवत भाकऱ्या थापत राहिली. पुढचा सबंध पंधरवडा हेच. रोज बोळात शिरावं, ते स्वर्गीय गाणं ऐकावं, पायरीवर पाऊल ठेवताच ते बंद व्हावं. आणि घरी येऊन आपली गोधडीतली बाई ऐकावी. मला आमचा फोनो डोळ्यांसमोर नकोसा झाला.

एके दिवशी मी धक्क्यावरून दुपारीच घरी आलो, आणि ही बाजाराला गेलेली असताना औंढ्याचे एक आबा तांदूळ घालायला आले. वर्षाचा आंबेमोहर आम्ही त्यांच्याकडूनच घेत असू. फडताळ उघडं होतं. त्यांची नजर कर्ण्यावर खिळली.

"ह्यो गातो व्हय?"

"गातो कसला, कण्हतो. पाहिजे तर घेऊन जा."

"चेष्टा करता काय गरिबाची?"

"चेष्टा नाही, आबा. दोन पोती तांदूळ टाका आणि न्या. तबकड्यासुद्धा."

"पोरीचं लगीन हाय तोंडावर," आबांचे डोळे चमकले. "मांडवात लावतो. पर मागनं परत मागायचा न्हाई, आदीच सांगतो!"

"मुळीच नाही!"

आबांनी दोन पोती उतरवली, फोनो घोंगडीत गुंडाळून गाडीत ठेवला आणि बैल हाकले. मला वाटलं, सुटलो!

संध्याकाळ झाली. मास्तरांकडे चटई पडली, शेजारी जमले, आणि गाणं काही सुरू होईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला कोण आनंद! टोपी चढवून मी मुद्दाम समाचाराला गेलो.

"काय मास्तर, यंत्र बिघडलं वाटतं?"

"यंत्र?" मास्तर गडबडले. "आमच्याकडे कुठलं यंत्र?"

"मग रोज गातं कोण? तुमची भिंत?"

"हो," मास्तर ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी भिंतीवरचा पडदा बाजूला केला. मागे एक पातळ फळी होती, तिला बोटभर रुंद फटी. "पूर्वी इथे मधलं दार होतं. मालकांनी त्याचंच तुमच्याकडे फडताळ केलं. तुमचा कर्णा नेमका इकडे तोंड करून आहे. वहिनी तिकडे तबकडी लावतात आणि ऐकायला इकडे येतात, तिकडे ऐकू येत नाही म्हणून. तुम्ही हात लावायची मनाई केली होती ना, म्हणून आम्ही सगळे गप्प. वहिनींना रागावू नका हो!"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पंधरा दिवस मी माझ्याच फोनोवर जळत होतो!

तेवढ्यात आमच्या घरातून हिची किंकाळी. बाजारातून येऊन ती थेट चावी द्यायला गेली होती. धावतच आली. "अहो, चोरी झाली! फोनो गेला! तबकड्या गेल्या!"

एकच कल्लोळ झाला. मास्तरांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मास्तर मात्र खंबीर. त्यांनी कोट चढवला, दौत-टाक घेऊन बसले. "आत्ता चौकीवर जाऊ. आधी फिर्याद लिहून काढतो. बोला, कुणावर संशय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पोटातलं आता ओठांवर आणणं भागच होतं.

"लिहा," मी म्हणालो. "शेजाऱ्यावर."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "म्हणजे... माझ्यावर?"

"नाही हो, मास्तर. तुमच्या शेजाऱ्यावर."