काकांच्या पुस्तकातल्या जास्तीच्या ओळी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका अक्षरांवर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग तपासले आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ई-बुकं तपासायला घेतली. ई-रीडरच्या पडद्यावर व्हर्नियर टेकवून ‘क’ची उंची मोजणारे ते एकटेच असावेत. एखादा रफार जागेवरून सरकलेला दिसला की त्यांना जेवण जायचं नाही. मग जिन्यात जो भेटेल त्याला, हातात दुधाची पिशवी असो की कोथिंबिरीची जुडी, थांबवून सांगायचे, “पुस्तकाचा दोष नाही हा. यंत्रात मराठी फॉन्टच धड नाही, ते बिचारं काय करणार?” पीडीएफवर त्यांचा विशेष राग. “पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. एवढ्याशा पडद्यावर अख्खं पान बसवलं तर अक्षरं मुंगीएवढी होणारच. ईपबचं तसं नाही. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्याने जुळतात.”

गंमत अशी, की त्यांचं स्वतःचं आत्मचरित्र पीडीएफमध्येच होतं. काकांनी सांगायचं आणि काकूंनी संगणकावर उतरवायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. मग काकू गेल्या, पाठोपाठ संगणक बिघडला आणि ती एक पीडीएफ तेवढी उरली. मोतीबिंदूमुळे काकांना ती वाचवेना. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, असल्या फायली बदलणं माझं रोजचंच. मी ती ईपब करून त्यांच्या ई-रीडरवर टाकली आणि काही पुसट दिसू नये म्हणून मूळचे रंग काढून सगळी अक्षरं काळी करून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका दारात आले. “जरा वर येतेस?” एवढंच म्हणाले. वर गेल्यावर त्यांनी ई-रीडर माझ्या हातात दिला. वणीचा गड एका दमात चढल्याचं वर्णन होतं, आणि त्याखाली एक ओळ: ‘एका दमात नाही. तीनदा बसलात. मी मोजलं.’

“हे मी सांगितलेलं नाही,” काका हलक्या आवाजात म्हणाले. “आणि जुनी फाईल भिंग लावून पाहिली, तिच्यात हे नाही.”

मी फोनवर पीडीएफ उघडली. त्या जागी नुसती कोरी पट्टी होती. ई-रीडरवर पुढे गेले. साहेबाला तोंडावर सुनावल्याच्या हकिकतीखाली होतं, ‘त्यांना काही बोलला नाहीत. घरी येऊन मला बोललात.’ काकूंचा तो सावकाश, जराही न चढणारा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मी पान उलटलं. अशा पडद्यावर मागच्या पानाची पुसट छाया राहते, हे मला ठाऊक होतं. तरी नव्या मजकुराच्या आडून ती ओळ आमच्याकडे पाहते आहे असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. काका स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते.

मग मला सुचलं. फोनवरच्या कोऱ्या पट्टीवर मी बोट दाबून ओढलं, तशी निळी खूण उमटली. तिथे अक्षरं होती. काकूंनी ती पांढऱ्या रंगात लिहिली होती, आणि मी रंग काढताच ती काळी झाली. मी काकांना समजावून सांगितलं.

“म्हणजे माझ्यासमोर बसून लिहायची,” ते म्हणाले. “मी म्हणायचो, एवढ्याशा मजकुराला इतका वेळ का लागतो तुला.”

पीडीएफच्या शेवटी एक कोरं पान होतं. चुकून राहिलं असेल असं आम्हाला वाटायचं. ई-रीडरवर त्या जागी होतं, ‘आता माझ्याने बसवत नाही. पुढचं तुम्हीच लिहा. आणि खरं लिहा.’

“तुमच्या मुलीला पुस्तक पाठवायच्या आधी या ओळी काढून देऊ का?” मी विचारलं.

“नको. पुस्तकात तेवढंच तपासलेलं आहे.”

हल्ली दुपारी वरून काकांच्या नव्या संगणकावर टाइप केल्याचा आवाज येतो. एक कळ, मग मोठा थांबा, मग पुन्हा एक. परवा त्यांनी मला पहिलं पान पाठवलं. त्यावर एकच वाक्य होतं: ‘तिला दवाखान्यात न्यायला मी दोन दिवस उशीर केला.’ आणि खाली पाच-सहा ओळींची जागा मोकळी सोडलेली.

“ही जागा कशाला, काका?”

“असू दे,” ते म्हणाले. “पण ईपब करताना मोकळ्या ओळी गळून जातात ना?”

“जातात कधी कधी,” मी म्हटलं. “मी सांभाळते.”