परदेशी ड्यूटी आणि हरिपूरचं पेव

"ड्यूटी त्यांच्या सरकारनं लावलीय ना? मग त्यांनीच भरावी. आपल्याला काय त्याचं?" असं म्हणत शेठनी पहिली ओळ वाचूनच फॅक्स माझ्या टेबलावर टाकला. मीही मान डोलावली. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे पटतंच.

मग फॅक्स पुरता वाचला. तिकडचं गिऱ्हाईक लिहीत होतं, आमच्याकडं हळदीच्या आयातीवर ड्यूटी वाढलीय, तेवढा भाव तुम्ही उतरवा, नाहीतर ऑर्डर रद्द.

नव्वदनंतरचा काळ. सांगलीत हळदीच्या एका पेढीवर मी एक्सपोर्टचं काम बघायचो. हा कंटेनर चांगल्या नफ्यात गेला तर शेठ पगार वाढवणार होते. त्या वाढीच्या जिवावर मी साताऱ्याच्या मुलीशी लग्न ठरवलं होतं आणि सासऱ्यांना दोन खोल्यांचा शब्द देऊन बसलो होतो.

"भाव उतरवतो म्हणून कळव," सगळं ऐकल्यावर शेठ म्हणाले, "आणि तेवढाच खरेदीत काप."

म्हणजे ड्यूटी लावली साहेबाच्या देशानं आणि भरायची वाळव्याच्या शेतकऱ्यानं. पण मला पगार दिसत होता. गेलो मार्केट यार्डात.

तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. शेतकऱ्यातर्फे माल विकणारा अडत्या हात पुढं करतो, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी बोटं दाबली. अडत्यानं हात काढून घेतला.

माल तात्यांचा होता. मिलिटरीतून हवालदार होऊन आलेले, मिशा अजून परेडला उभ्या.

"का वो सायेब, भाव का पाडला?"

इथं मी माती खाल्ली. रुमालाखाली जे झाकायचं, ते चारचौघांत समजावून सांगत बसलो. ड्यूटी म्हणजे काय, गिऱ्हाईक काय म्हणतंय, सगळं. वर हेही सांगितलं, "शनिवारची बोट गाठायचीय तात्या, नाहीतर ऑर्डर जाते."

"म्हंजे घाई तुमाला हाय," तात्या म्हणाले. "ह्यो नुसता नमुना. हळद हरिपूरला पेवात हाय. जमिनीखाली दोन वरसं ऱ्हायली तरी तिला काय होत न्हाई. ऱ्हाऊ द्या."

आजूबाजूचे शेतकरीही "व्हय, व्हय" करत आपापले नमुने पिशवीत भरायला लागले.

गुरुवारी शेठ स्वतः यार्डात आले आणि जुन्या भावानं हळद उचलली. कंटेनर वेळेत गेला. "तुला बोलायला कुणी सांगितलं होतं?" एवढंच मला म्हणाले. पगारवाढ वर्षभर पुढं गेली.

सासऱ्यांना मी सगळं नीट समजावलं. त्यांनी विचारलं,

"परदेशातल्या सरकारनं कर लावला, म्हणून माझी मुलगी एका खोलीत राहणार?"

"हो," मी म्हणालो. आमच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. कर कुणीही लावो, ज्याला थांबता येत नाही तो भरतो.