चीजवालीचा पहिला काप

आमच्या कोपऱ्यावरची चीजवाली तीस वर्षं एकाच फळीमागे उभी आहे. चीज ती घरीच बनवते. शेजारी उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं असतं. गरम बटाटा फोडायचा, आत चीजचा काप दाबायचा, वर मीठ, मिरी. देवाचं नाव घेऊन मी तो खाते, आणि तेवढ्या दोन मिनिटांत देवाकडे आणखी काही मागायचं सुचत नाही.

पण महिनाभर बाईचं लक्षण ठीक दिसत नव्हतं. चीजची नवी चकती कापली की पहिला काप फुकट माझ्या हातावर ठेवायची, आणि मी चावत असताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. पूर्वी तो काप तिच्याच तोंडात जायचा. आता स्वतः कणही चाखत नव्हती.

"काहीतरी मिसळते ती त्यात," मी घरी म्हटलं.

"मग तू रोज खाऊन धडधाकट कशी?" हे म्हणाले. "फुकटचं पचतं वाटतं."

मंगळवारी काप कडू लागला. ती बघतच होती. तोंडावर वाईट कसं म्हणायचं? मी हसून 'छान' अशी मान हलवली. तिने लगेच तीच चकती रांगेतल्या सगळ्यांना कापून दिली. मी मनात म्हटलं, पकडली. खराब माल खपवतेय.

बुधवारी निम्मी गल्ली चीज परत घेऊन फळीसमोर.

"डोळे मिटून विकतेस का गं?" शिंपीणबाईने विचारलं.

चीजवालीने तुकडे परत घेतले. गर्दी सरल्यावर मला म्हणाली, "वहिनी, काल तुम्ही मान हलवलीत ना?"

"हलवली."

"तापातून उठल्यापासून मला चव लागत नाही. वासही येत नाही. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं, म्हणून तुम्हाला देत होते." मग हळूच, "लोकांना कळलं तर माझी फळी उठली."

दुपारी प्रार्थनेला बसले, तर ती हललेली मानच डोळ्यांपुढे येत राहिली.

आज गेले. काप हातावर आला.

"आंबट झालंय. मीठही कमी."

"भारीच चिकित्सक बाई," मागून शिंपीणबाई म्हणाली.

चीजवालीने ती चकती खाली ठेवली, दुसरी कापली. "आणि ही?"

मी सावकाश चावलं. ती बघत होती.

"बटाटा फोड," मी म्हटलं.