मेव्हिसच्या घरून आल्यावरची आंघोळ

मेव्हिस काल गेली. माझं ऐकून न घेता गेली.

असं म्हणते खरी. पण मी सांगायला कधी गेले होते?

शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडून राहिलेत. यातल्या किती जणी तिच्याशी धड बोलल्या होत्या, विचारा. मी तर मुळीच नाही. पंचाहत्तर वर्षं.

जबलपूर तेव्हा सी.पी. अँड बेरारमध्ये होतं. आम्ही दीक्षितपुऱ्यात, मेव्हिस रेल्वे कॉलनीत. तिचे वडील इंजिन ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघी एका बाकावर, बारा वर्षांच्या. काटा-चमचा मला तिने शिकवला, तिची गणितं मी सोडवली.

तिची आई टायफॉइडने गेली.

माझी आई म्हणाली, "भेटून येऊ."

काकू म्हणाली, "त्यांच्याकडे काहून?"

"पोरीची आई गेली न!" आईने टांगा बोलावला.

वाटेत मला बजावलं, "तिथे बोलायचं नाही. खायचं-प्यायचं नाही. निघताना 'येते' म्हणायचं नाही. नुसतं उठायचं."

आमच्यात दुःखाच्या घरी असंच जातात. जवळ बसायचं, आणि घरच्यांना चहापाण्याला लावायचं नाही.

तिथे खोली भरलेली. लोक तिच्या आईचे किस्से सांगून राहिले होते. चक्क हसून राहिले होते. काळा टाय लावलेल्या तिच्या वडिलांनी स्वतः केक कापून आईपुढे धरला. आईने हात जोडले. मग माझ्यापुढे धरला. मी मानेनेच नाही म्हटलं.

अर्धा तास बसलो. एक शब्द नाही. उठलो, निघालो.

माझी हॅट तिथेच राहिली. ती द्यायला मेव्हिस सायकलवरून मागोमाग आली.

अंगणात आई माझ्या डोक्यावर बादली ओतत होती. फ्रॉकसकट.

मेव्हिसने हॅट पायरीवर ठेवली आणि वळली.

सोमवारी शाळेत भेटली. शाळेत इंग्रजीच बोलायचा नियम. ती मुद्दाम हिंदीत बोलली.

"हमको अच्छे से धो डाला ना?"

एका वाक्याचं काम होतं. सख्ख्या मामाकडे मर्तिक झालं, तरी भेटून आल्यावर आम्ही आंघोळ करतो. बस, एवढंच सांगायचं होतं.

मी काय म्हणाले?

"तुझी आई गेली अन् तुम्ही केक खात होतात. लाज नाही वाटली?"

तिने बाक बदलला.

पुढे मी चाळीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. ती इथेच एका ऑफिसात टायपिस्ट होती. बाजारात समोरासमोर आलो की दोघींना एकदम भाज्या निवडायच्या असायच्या.

मला संताप यायचा. विचारायचं ना मला! परस्पर ठरवून मोकळी!

आणि मी? केक काहून कापला, ते मी तरी कुठे विचारलं होतं? तो हातात धरूनच ती माणसं तिच्या आईसाठी रडत होती, हे कळायला मला केस पांढरे व्हावे लागले.

अजून एक आहे. लिहू की नको, म्हणून सकाळपासून तीनदा फोन खाली ठेवला.

मर्तिक नसतं, तिच्याकडे साधा वाढदिवस असता, तरी काकूने मला आंघोळ घातलीच असती. आईने घातली असती का? माहीत नाही. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणजे मेव्हिस अगदीच चुकली नव्हती. आणि हे कबूल करावं लागेल, म्हणूनच मी ते एक वाक्यही कधी बोलले नाही.

तिच्या भाचीचा फोन आला होता. "आंटी, कल चर्च में दो मिनट बोलेंगी?"

म्हटलं, "वो मुझसे नाराज थी."

"मालूम है, आंटी. इसीलिए तो."

आमच्यात अशा वेळी भाषणं करत नाहीत. मी करणार आहे. सगळ्यांसमोर उभी राहून केकबद्दल माफी मागणार आहे. आंघोळीचं खरं कारण सांगणार आहे, आणि काकूचंही लपवणार नाही. कोणाला ऐकवलं नाही तर बाहेर जाऊन बसावं.

मेव्हिस, मी फार उशीर केला.

शांत झोप.