उद्या काम आहे की नाही

मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या घरात सकाळी एकच चिंता असायची, आज आईला आत घेतील का. आई राहनाळच्या एका गोदामात पॅकिंगला जायची, रोजंदारीवर. आमच्या शेलार गावाहून निघायची, अर्धी वाट शेअर रिक्षा, अर्धी पायी, आणि फाटकाशी बायकांच्या घोळक्यात उभी राहायची. किती गाड्या भरायच्या ते बघून मुकादम नावं पुकारायचा. नाव आलं तर आत. नाही आलं तर भरलेला डबा तसाच घरी. तो परत आलेला डबा आम्ही दुपारी खायचो. बाबा नारपोलीला कापडाच्या लूमवर होते, पण त्यांच्या एकट्याच्या पगारात घर आणि माझी फी भागत नव्हती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणारच. बीएस्सी आयटी झाले आणि त्याच गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला लागले. मी आत पंख्याखाली, आई बाहेर फाटकाशी. रोज खिडकीतून ती दिसायची.

ऑफिसात बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. उद्याच्या गाड्या संध्याकाळीच ठरलेल्या असतात. मग उद्या कोणाला काम आहे, हेही संध्याकाळीच सांगता येईल की! मी मॅनेजर साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "मुकादमाचा कॉम्प्युटर जुना, विंडोजवाला, त्यात नेट येतं-जातं. शेठचा लॅपटॉप वेगळ्या कंपनीचा. बायकांच्या फोनमध्ये नवीन ॲप टाकायला जागा नाही. बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, तीन प्रोग्राम लागतील."

मी म्हटलं, "साहेब, एकच लागेल."

कॉलेजात शेवटच्या वर्षी हे शिकले होते, पण त्यावर खरा जीव जडला तो इथे. कोड एकदाच लिहायचा. तोच विंडोजवर प्रोग्राम म्हणून बसतो, तोच शेठच्या लॅपटॉपवर बसतो आणि तोच फोनच्या ब्राउझरमध्ये साधी वेबसाइट म्हणून उघडतो. मुकादमाच्या कॉम्प्युटरचं नेट गेलं तरी काम तिथल्या तिथे साठतं आणि नेट आलं की पुढे जातं. सगळं आपोआप होतं असं नाही. जुन्या विंडोजवर मराठी अक्षरं मोडून यायची, लॅपटॉपवर छपाई वाकडी व्हायची. त्यात बरेच दिवस गेले. पण ज्या दुपारी तिन्हीकडे तीच पाटी, तेच बटण दिसलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. माझ्यासारख्या एकटीला, हाताखाली कोणी नसताना, हे करता आलं होतं.

साहेबांनी अट घातली. "एक आठवडा बघू. बायका तरीही फाटकाशी आल्या, तर जुनं ते बरं."

पहिल्या संध्याकाळी बायकांनी नोंदवलेल्या फोन नंबरांवर उद्याच्या कामाचा निरोप सोडला. ज्यांना काम नव्हतं त्यात आई होती; घरी मी तिला मुद्दाम काही सांगितलं नाही, निरोप पोचतो का तेच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर फाटकाशी सगळा घोळका, आणि त्यात आई, डबा घेऊन. मुकादम मोठ्याने हसला. "काय मॅडम, तुमचं कॉम्प्युटर झोपलं काय? सब के सब आ गये!"

मी आईजवळ गेले. "आई, मेसेज बघितला नाहीस?"

"कशात बघू? फोन तुझ्या बापाकडं, बाप नारपोलीला रातपाळीवर. मी काय भिंतीला इचारू?"

बाजूच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आमचा पन पोराच्या खिशात जातो गं, ड्युटीवर."

जो फोन नंबर नोंदवलाय, त्याच फोनवर निरोपाचं पान उघडेल, असं मी बांधून टाकलं होतं. आमच्या घरात एकच फोन आहे आणि तो रातपाळीला बाबांबरोबर जातो, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? कोड लिहिताना मी घरच विसरले होते.

त्याच दिवशी ते बंधन काढलं. आता कोणाच्याही फोनवर पान उघडायचं, आपल्या हजेरी कार्डाचा नंबर टाकायचा, झालं. मुकादमाने शंका काढली, "और दुसरीने हिचा नंबर टाकून बघितलं तर?"

आई म्हणाली, "बघू दे की! काम हाय का न्हाय, त्यात लपवायचं काय? तू तर रोज फाटकात वरडून सांगतोस."

मुकादम हसत गाड्यांकडे वळला.

साहेबांनी विचारलं, "आता सगळीकडे परत नव्याने बसवायला किती दिवस?" मी म्हटलं, "दुरुस्ती एकाच जागी केली साहेब. तिन्हीकडे आजच जाते." जेवणाच्या सुट्टीआधी तिन्हीकडे गेलीसुद्धा. हे मी अजूनही कौतुकाने सांगते. वेगवेगळे तीन प्रोग्राम असते, तर साहेबांचा आठवडा त्यातच संपला असता.

संध्याकाळी आई शेजारच्या काकूंच्या ओट्यावर गेली. मीही मागोमाग गेले, पण हात लावला नाही. काकूंच्या फोनची काच तडकलेली. आईने कार्ड बघून एकेक आकडा दाबला.

"काय म्हणतंय?" काकूंनी विचारलं.

"उद्या नको म्हणतंय." आईने फोन परत दिला. "बरं झालं. उद्या पापड घालू, तू पन ये."

त्या आठवड्यात फाटकाशी येणाऱ्या बायका रोज कमी होत गेल्या. शेवटच्या दिवशी आल्या त्या फक्त काम असलेल्या. साहेबांनी सकाळचं पुकारणं बंद केलं. आई अजून त्या गोदामात जाते, पण काम असेल त्याच दिवशी घर सोडते.