धुराड्यावरची चिंधी

रंगाच्या कारखान्यातल्या भट्टीवाल्याला सगळी वस्ती वारेमामा म्हणायची. हा माणूस बोलतानासुद्धा समोरच्याकडे बघायचा नाही. मान वर, नजर धुराड्याच्या टोकाला बांधलेल्या तांबड्या चिंधीवर. त्यात त्याचा काय दोष, नोकरीच तशी होती. चिंधी टेकडीवरच्या बंगल्यांकडे उडाली की भट्टीत चांगला कोळसा घालायचा. खालच्या वस्तीकडे उडाली की जुने टायर, बुटांचे तळवे, हाती लागेल ते. बंगलेवाले लगेच मालकाला फोन करत. वस्तीतून कोण तोंड उघडणार? घरटी एकाचं पोट कुठल्या ना कुठल्या भट्टीवर होतं. शेजारच्या दोन्ही कारखान्यांचे भट्टीवालेही मामाच्याच चिंधीकडे बघून जळण ठरवत, कारण ती सगळ्यांत उंच होती.

मामाने हे काम वर्षानुवर्षं इमानेइतबारे केलं. मग लेक बाळंतपणाला माहेरी आली.

खिडक्यांना ओली फडकी बांधायची वस्तीत रीतच होती. लेकीने एक पातळ कोरडं फडकं बाळाच्या चेहऱ्यावरूनही ओढलं. सकाळी मामा जेवणाचा डबा भरत होता, तेव्हा तिने ते त्याच्यापुढे धरलं. फडकं करडं पडलं होतं, आणि मधोमध एक छोटा काळा गोल.

"बाबा, हे तिचं तोंड आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी डबा घरीच राहिला.

दुपारी तो धुराड्याची शिडी चढला, चिंधीत तार ओवली आणि टोक टेकडीकडे वळवून ठेवलं. कोळशाचा ढीग उतरला की मालकाला कळणार आणि नोकरी जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "जाऊ दे खड्ड्यात," तो पुटपुटला. वारं पार पडलेलं असतानाही चिंधी ताठ उभी राहिली. तिन्ही भट्ट्यांत कोळसा पडू लागला.

आठवडाभराने संध्याकाळी तो गल्लीत शिरला आणि थबकला. दारं उघडी होती, दिवे लागले होते, पण गल्ली मुकी झाली होती. इथे दर दाराआड कोणी ना कोणी खोकत असे. त्या आवाजाशिवायची गल्ली त्याने उभ्या जन्मात ऐकली नव्हती. माणसं आहेत की गेली सगळी?

तेवढ्यात मागे कोणीतरी खोकलं. त्याने वळून पाहिलं, मागे चिटपाखरू नव्हतं. तो चालू लागला, तसा खोकलाही मागोमाग निघाला. मामाने धावत घर गाठलं आणि थेट पाळण्यावर वाकला. बाळ गाढ झोपलं होतं. फडकं पांढरंशुभ्र होतं.

पुन्हा तो खोकला आला, आता अगदी कानाशी.

"बाहेर कोण आहे गं? मघापासून माझ्या मागे खोकतंय."

लेकीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"बाहेर कोणी नाही, बाबा. तुम्हीच खोकताय. मी आले त्या दिवसापासून ऐकतेय."

इतकी वर्षं गल्लीच्या खोकल्यात त्याला स्वतःचा कधी ऐकूच आला नव्हता. मामाने तोंडावर हात धरला आणि पाळण्यापासून दूर, दारापाशी जाऊन बसला.